संगणकाचा वेग आणि आपली खतावणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळातील एका भगिनीने एखाद्या उपयोगी विषयावर बोलावे, असा आपला शिरस्ता आहे. आजवर बालसंगोपन, काटकसर, परसबाग असे विषय झाले. यंदा कार्यकारिणीने माझे नाव घेतले आणि विषय दिला तो संगणकाचा. संगणकाचे काम जलद कसे होते व माणसे वाढली तरी ते कोलमडत कसे नाही, हे मी सांगावयाचे आहे. मी सातवी शिकलेली, तेव्हा मोठमोठे शब्द माझ्यापाशी नाहीत. पण वीस-बावीस वर्षे संसार चालविला आहे आणि गेली चार वर्षे मंडळाची रोजकीर्द लिहिते आहे. या दोन शिदोऱ्यांवर जे समजले ते सांगते.

हा विषय घेण्याला कारणही तसेच आहे. आज दुपारी सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. मंडळाच्या राखीव निधीतून ४५,००० रुपये काढून नवा संगणक घ्यावा, असा तो ठराव. महिनाअखेरीस बचतीचे पत्रक काढावयाला आपल्या संगणकाला आता ३८ मिनिटे लागतात. तेवढा वेळ भगिनी ओट्यावर ताटकळतात. कोणाच्या घरी कुकर लागायचा असतो, कोणाचे मूल शाळेतून येणार असते. तेव्हा तक्रार रास्त आहे. पण या निधीतून अडल्या भगिनीला पाच-पाच हजारांचे कर्ज मिळते, हेही आपण जाणता. ४५,००० म्हणजे नऊ जणींची नड. मुलाची फी, दवाखाना, शिलाईयंत्र, ज्याचे त्याला ठाऊक. म्हणून मत देण्यापूर्वी दुखणे नेमके कोठे आहे ते पाहिले पाहिजे.

माझी पुतणी पुण्याला संगणकाच्या आज्ञावल्या, ज्यांना सॉफ्टवेअर म्हणतात त्या, लिहिण्याची नोकरी करते. दिवाळीत ती चार दिवस आली होती. मी तिला म्हटले, "बाई ग, आमचा संगणक म्हातारा झाला." ती म्हणाली, "काकू, यंत्र म्हातारे झाले की काम वाढले, हे आधी मोजू या. न मोजता औषध द्यायचे नाही." तिच्या धंद्यातला पहिला धडा हाच आहे. डोनाल्ड क्नुथ नावाचे या शास्त्रातील एक थोर अमेरिकन पंडित आहेत. त्यांनी १९७४ साली लिहून ठेवले की बारीकसारीक ठिकाणी वेग वाढविण्याच्या मागे घाईने लागणे हेच पुष्कळ अनर्थांचे मूळ होय. वेळ जातो तो बहुधा थोड्याच ठिकाणी, आणि ती जागा अटकळीने सापडत नाही, मोजूनच सापडते. आपण वीजबिल वाढले म्हणून दिवे मालवीत बसतो आणि पाणी तापविण्याचा गीझर दिवसभर चालूच राहतो, तशातली ही गोष्ट.

तिने मोजले. ३८ मिनिटांपैकी ३ मिनिटे छपाईची निघाली. उरलेली ३५ मिनिटे संगणक रोजकीर्द वाचीत होता. आता रोजकीर्द वाचावयाला एवढा वेळ का लागावा? तर आपली आज्ञावली असे करीत होती: पहिल्या सभासद भगिनीचे नाव घ्यायचे, रोजकीर्द पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, तिच्या नोंदी वेचायच्या, बेरीज मांडायची. मग दुसरीचे नाव घ्यायचे आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. आपण ६० जणी होतो आणि नोंदी २,००० होत्या तेव्हा हे वाचन १ लाख २० हजार नोंदींचे होई व अर्ध्या मिनिटात आटपे. कोणाच्या लक्षातही येत नसे. आज आपण ४२० जणी आहोत आणि नोंदी २०,००० आहेत. गुणाकार करून पाहा, ८४ लाख होतात. माणसे सातपट झाली, पण काम सत्तरपट झाले. अर्ध्या मिनिटाची ३५ मिनिटे झाली, ती अशी.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. ही आज्ञावली आपल्या आळीतल्याच एका मुलीने, कॉलेजात असताना, एक पैसा न घेता लिहून दिली. तिला कोणी नावे ठेवू नयेत. साठ जणींच्या मापाने बेतलेले ते पोलके होते आणि साठ जणींना ते छान बसत होते. अंग भरले की शिवण उसवावी लागते, त्यात शिंप्याचा दोष नसतो.

वाढीचा हा हिशेब आपल्या ध्यानात राहावा म्हणून हळदीकुंकवाचे उदाहरण घेते. वीस जणी जमल्या आणि प्रत्येक जोडीने एकमेकींना हळदकुंकू लावायचे ठरविले, तर १९० जोड्या होतात. दोनशे जणी जमल्या तर १९,९०० जोड्या. दोन हजार जमल्या तर १९ लाख ९९ हजार. बायका दहापट झाल्या की काम सुमारे शंभरपट होते. पण यजमानीण एकटीच सर्वांना लावीत गेली तर दोन हजारांना दोन हजार वेळाच हात पुढे करावा लागतो. समारंभ तोच, रीत निराळी. संगणकवाले ज्याला काम 'पेलणे' म्हणतात त्याचे मर्म एवढेच की माणसे वाढली असता काम माणसांच्या बरोबरीने वाढते की त्यांच्या कितीतरी पुढे धावत सुटते.

शोधण्याचेही असेच आहे. हजार नावांची यादी कशीही लिहिलेली असेल तर एक नाव सापडायला सरासरीने पाचशे नावे वाचावी लागतात. तीच यादी अकारविल्हे असेल तर मधले नाव पाहायचे. आपले नाव त्याच्या आधी की नंतर ते ठरवून अर्धी यादी सोडून द्यायची. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा मधले पाहायचे. हजार नावांत दहा वेळा पाहिले की काम भागते. लाख नावांत सतरा वेळा आणि कोटी नावांत चोवीस वेळा. एवढ्या प्रचंड गर्दीतून आपले नाव डोळ्याचे पाते लवते न लवते तो पुढे येते, त्याच्या मुळाशी अशी मांडून ठेवलेली सूची असते. भांडी लावताना घेतलेले कष्ट स्वयंपाकाच्या वेळी कामी येतात, तसेच हे.

आता जागेविषयी सांगते. ग्रेस हॉपर (१९०६–१९९२) नावाच्या एक विदुषी अमेरिकेच्या आरमारात होत्या. रिअर ॲडमिरल या हुद्द्यापर्यंत चढल्या आणि १९८६ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी सेवानिवृत्त झाल्या. व्याख्यानाला जाताना त्या बरोबर तारेचे तुकडे नेत. एकेक तुकडा सुमारे ३० सेंटिमीटरचा, म्हणजे फूटभर. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात प्रकाश जेवढा पुढे जातो तेवढी त्या तुकड्याची लांबी. उपग्रहाकडून निरोप यायला वेळ का लागतो, असे बडे अधिकारी विचारीत तेव्हा त्या हा तुकडा दाखवीत आणि सांगत की येथून उपग्रहापर्यंत असे फार फार तुकडे बसतात. यंत्र कितीही चपळ असो, अंतर कोणाला चुकत नाही.

पुतणीने हीच गोष्ट मला माझ्या स्वयंपाकघरात समजावली. संगणकाच्या मेंदूला अगदी लगतच्या जागेतून वस्तू घ्यायला एक सेकंद लागतो असे समजा. तो झाला आपला मिसळणाचा डबा, हाताशी असलेला. त्या मानाने संगणकाच्या मोठ्या स्मरणातून वस्तू आणायला साधारण शंभर सेकंद लागतील. म्हणजे कोठीच्या खोलीत जाऊन येणे. नव्या तऱ्हेच्या साठवणीच्या चकतीतून आणायला एक दिवसाहून अधिक. जुन्या फिरत्या तबकडीतून आणायला जवळजवळ चार महिने. आणि अमेरिकेतल्या संगणकाला निरोप पाठवून उत्तर आणायला सहा वर्षे! प्रत्यक्षात ही सहा वर्षे म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, आपल्याला जाणवतही नाही. पण आज्ञावलीने असा निरोप पाचशे वेळा, एकामागून एक पाठविला, की शंभर सेकंद जातात आणि माणूस कंटाळून उठतो.

म्हणून या धंद्यात दोन सवयी लावून घेतात. पहिली, वरचेवर लागणारी वस्तू हाताशी ठेवायची. दुसरी, खेपा मोजायच्या. वाण्याकडे जिऱ्यासाठी एकदा, मोहरीसाठी एकदा, हिंगासाठी एकदा असे पन्नास जिन्नसांना पन्नास हेलपाटे कोणी शहाणी बाई घालीत नाही. ती यादी करते. आज्ञावल्यांत मात्र हे हेलपाटे पुष्कळदा दडून बसलेले असतात, कारण दहा जिन्नस असताना ते कोणाला खुपत नाहीत.

आपल्या रोजकीर्दीला कोणता उपाय लागला, ते आता सांगते. तो आपल्या जुन्या मुनीमांना पूर्वीपासून ठाऊक आहे. रोजकीर्दीतून खतावणी करायची! खतावणीत प्रत्येकीच्या नावाचे पान. रोजकीर्द पहिल्यापासून एकदाच वाचायची आणि जी नोंद येईल ती ज्या त्या पानावर चढवीत जायची. वाचन २०,००० नोंदींचे, एकदाच. ३५ मिनिटांचे काम पाच सेकंदांवर आले. छपाईची ३ मिनिटे मिळवून पत्रक सव्वातीन मिनिटांच्या आत हाती पडते. यंत्र तेच, जुनेच.

आता ठरावातील नव्या संगणकाचा हिशेब याच्या शेजारी मांडून पाहा. नवा संगणक दुप्पट चपळ आहे असे धरले, तर ३५ ची साडेसतरा मिनिटे होतील. छपाई छपाईयंत्रावर असल्याने ३ मिनिटे तशीच राहतील. म्हणजे साडेवीस मिनिटे. आणि पुढे सभासद नुसते दीडपट वाढले, नोंदीही दीडपट झाल्या, तर पुन्हा चाळीस मिनिटांच्या घरात. ४५,००० रुपये देऊन आपण थोडीशी उसंत विकत घेतली असती.

घाईने पुढे जाण्याआधी मी पुतणीला दोन प्रश्न विचारले. ते येथेही सांगते, कारण पैशाचे काम आहे. पहिला प्रश्न: लवकर होते खरे, पण बरोबर होते का? वेगाने आलेला चुकीचा हिशेब संथ हिशेबापेक्षा वाईट. तेव्हा जुन्या रीतीचे पत्रक आणि नव्या रीतीचे पत्रक शेजारी ठेवून आम्ही ४२० नावे पैशापर्यंत ताडून पाहिली. दोन संध्याकाळी गेल्या. सगळी जुळली, तेव्हाच मी होकार दिला. दुसरा प्रश्न: खतावणीतली बेरीज तयार करून ठेवली आणि नंतर कोणी मागल्या महिन्यातील नोंद दुरुस्त केली, तर? सकाळी काढून ठेवलेला चहा संध्याकाळी ताजा म्हणून देता येत नाही. ती म्हणाली, "काकू, आमच्याकडेही सगळ्यात अवघड काम हेच असते." हाताशी ठेवलेली वस्तू शिळी झाली हे वेळेवर कळणे, हा या विद्येतला खरा पेच आहे. आम्ही असे ठरविले की बेरीज साठवायचीच नाही. पाच सेकंद तर लागतात, दरवेळी ताजी करावी. थोडा वेग सोडला, पण हिशेब निर्धोक राहिला.

नंतर तिने आणखी एक काम केले. आज्ञावलीची वेगळी प्रत घेऊन तीत खोटी २,००० नावे आणि १ लाख नोंदी घातल्या. पत्रकाची बेरीज २५ सेकंदांत झाली. जुन्या रीतीने तेच काम, हिशेबाप्रमाणे, जवळजवळ चौदा तास चालले असते. पाहुणे येण्यापूर्वी मोठ्या पातेल्यात एकदा भात करून पाहावा, अशी ही रंगीत तालीम.

ही तालीम नीट न केल्याने काय होते याचा दाखला अमेरिकेतला आहे. तेथील सरकारने लोकांना आरोग्यविमा घेता यावा म्हणून १ ऑक्टोबर २०१३ रोजी एक संकेतस्थळ उघडले. लोक लक्षावधींनी आले, आणि पहिल्या दिवशी नोंदणी पुरी झाली ती अवघ्या सहा जणांची! कारणे अनेक होती. पण एक असे की नुसते दर पाहायला आलेल्यालाही आधी आपले खाते उघडावे लागे. म्हणजे मांडव मोठा, पण दार एकच आणि तेही अरुंद. नंतर जाणती माणसे बसली, रोज मोजणी सुरू झाली, अडलेल्या जागा एकेक करून मोकळ्या केल्या. पुढल्या वसंतापर्यंत ८० लाख लोकांनी विम्याची निवड केली.

आपल्याकडचा चांगला दाखलाही सांगते. भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर जो चौकोनी नक्षीचा कागद चिकटविलेला असतो, त्यामागची यूपीआय ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. ती चालविणारे महामंडळ आपल्या मुंबईतच आहे. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिच्यावरून प्रथमच २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. दिवसाला सुमारे ६४ कोटी. सेकंदाला सरासरी सात हजारांच्या वर. कोणतेही एक यंत्र कितीही मोठे आणले तरी त्याच्या एकट्याच्याने हे होणार नाही. काम अनेक यंत्रांत वाटावे लागते.

वाटणीलाही मर्यादा असते, आणि ती आपल्याला पुरणपोळीवरून सहज कळेल. एका पंगतीच्या पोळ्यांना एकटीला शंभर मिनिटे लागतात असे समजा. त्यांपैकी दहा मिनिटे पुरण शिजण्याची. ते एकाच पातेल्यात, एकीनेच पाहायचे. उरलेली नव्वद मिनिटे लाटण्या-भाजण्याची, ती वाटून घेता येतील. नऊ जणी बसल्या तर दहा आणि दहा, वीस मिनिटांत काम होईल. नव्वद जणी बसल्या तर अकरा मिनिटे. नऊशे जणी बोलावल्या तरी दहा मिनिटांच्या खाली वेळ जाणार नाही, कारण पुरण शिजल्याशिवाय पोळपाटांचा उपयोग काय? जीन ॲम्डाल या अमेरिकन अभियंत्याने १९६७ साली संगणकाविषयी हाच नियम मांडला. म्हणून शहाणे लोक आधी पातेले पाहतात, मग पोळपाट वाढवितात. आपल्या पत्रकात आता पातेले म्हणजे ती छपाईची ३ मिनिटे. पाच सेकंदांचे दोन सेकंद करण्यासाठी यापुढे कोणी धडपडू नये.

भगिनींनो, ही विद्या कोणा दूरच्या लोकांची आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. एखाद्या योजनेचा अर्ज भरताना पडद्यावरचे चक्र तासभर फिरत राहते, तेव्हा त्याची किंमत रोजंदारीवर जाणारी बाई भरते. तिचा खाडा होतो. लिहिणाऱ्याने एक हेलपाटा वाचविला तर तिचा दिवस वाचतो. वेगाकडे मी केवळ हौस म्हणून पाहत नाही, ते यासाठी.

तेव्हा दुपारच्या सभेत माझे म्हणणे असे राहील. नव्या संगणकाचा ठराव या वर्षापुरता बाजूला ठेवावा व ४५,००० रुपये कर्जनिधीतच राहू द्यावेत. पत्रक निघायला किती वेळ लागला ते दर महिन्याला रोजकीर्दीच्या शेवटल्या पानावर लिहावे. आकडा चढू लागला की तेव्हाच शोध घ्यावा, गळ्याशी येईपर्यंत थांबू नये. आणि आळीतल्या ज्या दोन-तीन मुली संगणक शिकत आहेत, त्यांना ही आज्ञावली उघडून दाखवावी. माझ्या पुतणीने सुट्टीत येऊन शिकविण्याचे कबूल केले आहे. ज्या मुलीने ती प्रथम लिहिली, तिलाही आपण आग्रहाने बोलावू. यंत्र खरोखरच मोडले तर नवे घेऊच. पण तेव्हा आपल्याला ठाऊक असेल की आपण पैसे कशाला मोजतो आहोत.

 मंडळ असेच वाढो, आणि वाढले तरी प्रत्येकीचा हिशेब वेळेवर व चोख मिळो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.